काउंटरवरच्या वहीतून रिसर्च कसा उभा करायचा: लायब्ररीत नवीन असणाऱ्यांसाठी

दरवर्षी दिवाळीनंतर आमच्या लायब्ररीत एम.लिब.ची (ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर कोर्सची) दोन-चार मुलंमुली येतात. कोणी मुक्त विद्यापीठाचं, कोणी पुणे विद्यापीठाचं. हातात फाइल आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "मॅडम, डेझर्टेशनला टॉपिक सुचवा ना." मी त्यांना पाणी देते, बसवते आणि सांगते, आधी एक तास काउंटरवर बस, मग बोलू.

मी नोकरी करत करत शिकले. रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर रात्री वाचायचा आणि सकाळी दहाला काउंटर उघडायचा, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे कित्येक वर्षं डोक्यातच आलं नाही. नाशिकमधल्या बऱ्याच ग्रंथपाल मित्रमैत्रिणींचं आजही तसंच आहे. रिसर्च म्हणजे प्रमोशनसाठी, पीएचडीसाठी, आणि काम म्हणजे पुस्तकांची देवघेव, बिलं, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फाइली. त्यामुळे होतं काय, की जे पेपर छापले जातात ते कुठल्याच काउंटरवर पोचत नाहीत आणि काउंटरवर जे कळतं ते कोणी लिहूनच ठेवत नाही. मला हे फार लागतं. म्हणून मी ज्या वाटेने गेले, जिथे अडकले, ते सगळं क्रमाने लिहितेय.

1. प्रश्न काउंटरवरून उचला

टीवायबीए मराठीची एक मुलगी लागोपाठ तीन दिवस एकच कादंबरी मागत होती. कॉम्प्युटर म्हणतोय पुस्तक उपलब्ध आहे, रॅकवर नाही. चौथ्या दिवशी आमच्या मामांना (लायब्ररी अटेंडंट, सगळे त्यांना मामाच म्हणतात) ते पुस्तक भलत्याच कप्प्यात सापडलं. पाठीवरच्या लेबलवर 891.463 होतं, म्हणजे ड्यूईप्रमाणे (पुस्तकांना विषयवार आकडे द्यायची पद्धत) मराठी कथा-कादंबरी, पण हात लागून लागून शाई पुसली होती आणि शेवटचा 3 लांबून 8 दिसत होता. त्यामुळे ते 891.468 मध्ये, संकीर्ण लेखनाच्या रांगेत जाऊन बसलेलं. मुलीची टेस्ट तोपर्यंत होऊन गेली होती.

त्या दिवशी मी एक फुलस्केप वही काउंटरवर ठेवली. कोणी पुस्तक मागितलं आणि ते मिळालं नाही की एक ओळ: तारीख, पुस्तक, कारण. कारणं चारच ठेवली. आपल्याकडे पुस्तकच नाही, दुसऱ्याने नेलंय, रेकॉर्डला आहे पण जागेवर नाही, आणि जागेवर आहे पण वाचकाला सापडलं नाही. महिन्याभरात ती वही माझ्या पहिल्या खऱ्याखुऱ्या अभ्यासाचा पाया झाली. नंतर वाचताना कळलं की पॉल कँटर यांनी 1970 च्या दशकात अमेरिकेत जवळपास हीच चार कारणं धरून 'पुस्तक वाचकाच्या हातात का पडत नाही' याची मोजणी मांडली होती. आधी माहीत असतं तर माझे दोन आठवडे वाचले असते, पण त्यावर पुढच्या पायरीत बोलू.

चांगला प्रश्न ओळखायची माझी एकच कसोटी आहे. उत्तर मिळाल्यावर तुम्ही काहीतरी बदलणार आहात का? 'अमुक महाविद्यालयातील ग्रंथालय वापराचा अभ्यास' याचं उत्तर काहीही आलं तरी सोमवारी लायब्ररीत काहीच बदलत नाही. याउलट 'सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये काम करणारे सभासद संध्याकाळी साडेसातनंतर किती वेळा बंद दारावरून परत जातात' याचं उत्तर आलं तर वेळ बदलता येते. अभ्यासिकेतली एमपीएससीची मुलं आपली पुस्तकं वापरतात की फक्त खुर्ची आणि पंखा वापरतात, हाही छान प्रश्न आहे, कारण त्यावरून पुढच्या वर्षीचं पुस्तकखरेदीचं बजेट ठरवता येतं.

2. आधी वाचा, आणि योग्य ठिकाणी वाचा

आपल्या कामाचा निर्णय पुराव्यावर घ्यायचा ही चळवळ ग्रंथालयांमध्ये 1990 च्या दशकाच्या शेवटी आली, वैद्यकीय ग्रंथपालांनी ती डॉक्टरांकडून उचलली. पायऱ्या पाच: प्रश्न नीट मांडा, पुरावा शोधा, तो तपासा, वापरा, आणि परत मोजा. याच विषयाला वाहिलेलं एक जर्नल कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातून 2006 पासून निघतं, 'एव्हिडन्स बेस्ड लायब्ररी अँड इन्फर्मेशन प्रॅक्टिस', पूर्ण मोफत. त्यात इतरत्र छापून आलेल्या संशोधनाचं छोटंसं परीक्षण येतं, म्हणजे काय केलं, कुठे कच्चं आहे, आपण त्यातून काय घ्यायचं. नवीन माणसाने सुरुवात तिथून करावी असं माझं ठाम मत आहे, कारण पेपर कसा तपासायचा हे आपल्याला कुठल्याच वर्गात हाताला धरून शिकवत नाहीत.

भारतातलं वाचायचं तर डेसिडॉक या सरकारी संस्थेचं ग्रंथालयशास्त्राचं जर्नल आणि 'ॲनल्स ऑफ लायब्ररी अँड इन्फर्मेशन स्टडीज', दोन्ही ऑनलाइन मोफत. प्रबंधांसाठी शोधगंगा, म्हणजे भारतातल्या पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन साठा. शोधगंगेवर आपला टॉपिक टाकून बघाच, एकाच प्रश्नावलीवर कॉलेजचं नाव बदलून किती काम झालंय ते दिसतं आणि आपण त्या रांगेत उभं राहायचं नाही हे तेव्हाच ठरतं. वाचलेलं सगळं झोटेरोत (संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर) टाकत जा, ते फुकट आहे. मी पहिल्या वेळी सगळं डेस्कटॉपवर 'न्यू फोल्डर 3' मध्ये ठेवलं होतं आणि संदर्भ लिहायला आठ दिवस गेले.

जुनं म्हणून सोडू नका. 1969 मध्ये ट्रूसवेल यांनी दाखवलं की देवघेवीतला साधारण 80 टक्के भार जेमतेम 20 टक्के पुस्तकं उचलतात. 1979 मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाचा मोठा अभ्यास आला, तिथे घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळपास 40 टक्के पुस्तकं पहिल्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती. हे आकडे त्यांच्या लायब्ररीचे, आपल्याला जसेच्या तसे लावायचे नाहीत, पण 'आपल्याकडे हा आकडा किती?' हा प्रश्न त्यातून मिळतो आणि तो कुठल्याही तालुक्याच्या वाचनालयात मोजता येतो.

आणि आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन. ते मुळात गणिताचे शिक्षक, 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. 1931 मधले त्यांचे पाच नियम आपण परीक्षेपुरते पाठ करतो. चौथा नियम आहे वाचकाचा वेळ वाचवा. घड्याळ लावून मोजता येईल असा नियम आहे तो! वाचक आत आल्यापासून पुस्तक हातात पडेपर्यंत किती मिनिटं गेली, एवढं एक आठवडा लिहून बघा.

3. कागदपत्रं आणि सामान

हे सुरुवातीलाच जमवा, मध्येच धावपळ नको:

- प्राचार्यांची किंवा वाचनालयाच्या अध्यक्ष-चिटणीसांची लेखी परवानगी. तोंडी "करा हो मॅडम" चालत नाही, समिती बदलली की पंचाईत होते.
- विद्यार्थी असाल तर गाइडच्या सहीचं पत्र
- दाखल रजिस्टर (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमाने नोंद), देवघेवीचे रिपोर्ट, मागच्या स्टॉक टेकिंगचा (पुस्तकांच्या मोजदादीचा) अहवाल
- बाद केलेल्या आणि बाइंडिंगला गेलेल्या पुस्तकांची यादी (ही हमखास विसरतात)
- सर्वे असेल तर संमतीचा मजकूर, मराठीत, चार ओळींत
- गूगल शीट किंवा एक्सेल, एक वही, आणि रॅकवर फिरायला क्लिपबोर्ड

वाचकांची नावं डेटामध्ये ठेवायची नाहीत. कोण काय वाचतं ही त्याची खाजगी बाब आहे, आणि 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. सभासद क्रमांकाच्या जागी वा-1, वा-2 असं लिहा आणि मूळ शीट घरच्या लॅपटॉपवर नेऊ नका.

4. डेटा काढायचा कुठून, आणि तो कुठे फसवतो

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ खाते, म्हणून इथे जरा सविस्तर.

रॅकची तपासणी करायची असेल तर 20,000 पुस्तकं मोजायची गरज नाही. 1 ते 50 मधला एक आकडा चिठ्ठी टाकून काढा, समजा 17 आला, तर दाखल रजिस्टरमधली 17वी, 67वी, 117वी अशी दर 50वी नोंद घ्या, 400 पुस्तकांची यादी होते. त्यातली बाद झालेली आधी वगळा आणि तेवढ्याच दुसऱ्या नोंदी चिठ्ठ्या टाकूनच घ्या. मग रॅकवर जा आणि प्रत्येकासमोर खूण करा: जागेवर, बाहेर गेलंय, चुकीच्या जागी, कुठेच नाही. समजा 320 जागेवर, 40 बाहेर, 25 चुकीच्या जागी, 15 कुठेच नाहीत. आता टक्केवारी 400 वर काढायची नाही, इथेच सगळे चुकतात. बाहेर गेलेली 40 वजा करा, ती वाचकाच्या घरी आहेत, ते चांगलंच आहे. उरली 360, त्यातली 320 जागेवर, म्हणजे 89 टक्के. नमुना घेतल्यामुळे तीन-साडेतीन टक्के इकडेतिकडे धरून चाला, आणि अहवालात तसं लिहा.

रॅकवर जाताना मामांना सोबत घ्या. हे मी मनापासून सांगतेय. आमच्या यादीतली जी पुस्तकं मला 'कुठेच नाही' वाटली होती त्यातली काही मामांनी खिडकीकडच्या कपाटातून काढून दिली, कारण पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते म्हणून त्यांनीच ती हलवली होती आणि ते कुठल्याच रेकॉर्डला नव्हतं. ज्यांना नोंदीत नसलेलं माहीत असतं त्यांना अभ्यासात सामील करून घ्या आणि लिहिताना त्यांचे आभारही माना.

कोहा हे लायब्ररीचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर रिपोर्टमधून जवळजवळ सगळं निघतं, फक्त एक सापळा आहे. 'इश्यूज' टेबलमध्ये आत्ता बाहेर असलेली पुस्तकंच दिसतात, परत आलेल्यांचा इतिहास 'ओल्ड इश्यूज'मध्ये जातो. एका विद्यार्थ्याने फक्त पहिलं टेबल घेऊन 'देवघेव खूपच कमी आहे' असा निष्कर्ष काढला होता, वेळेत लक्षात आलं म्हणून बरं. रिन्यूअल वेगळी मोजा, एकाच मुलाने चार वेळा वाढवून घेतलेलं पुस्तक म्हणजे चार वाचक नव्हेत.

जागेवर बसून वाचलेली पुस्तकं देवघेवीत येतच नाहीत. संदर्भ विभागात तर सगळा वापर असाच. उपाय सोपा आहे, टेबलावर पाटी लावा, 'वाचून झालेलं पुस्तक परत रॅकवर ठेवू नये, टेबलावरच ठेवावं', आणि संध्याकाळी रॅकला लावायच्या आधी मोजा. ही मोजणी न करता 'कोणी वापरत नाही' म्हणून संदर्भग्रंथ बाद करायला निघालेल्या लायब्रऱ्या मी पाहिल्यात.

आता मराठीची खास दुखणी. जुना कॅटलॉग श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर तो युनिकोड नाही, शीटमध्ये घेतला की नुसती चिन्हं दिसतात, सॉर्टिंग नाही, शोध नाही. कन्व्हर्टरमधून काढा आणि नंतर जोडाक्षरं डोळ्याने तपासा, र्‍हस्व-दीर्घ आणि रफार हमखास बिघडतात. दुसरं म्हणजे नावं. नाशिकच्या कुठल्याही लायब्ररीत 'कुसुमाग्रज', 'शिरवाडकर वि. वा.', 'वि.वा. शिरवाडकर' (टिंबांनंतर जागा न सोडता) आणि एखाद्या ठिकाणी 'शिरवाडकर, विष्णू वामन' अशा नोंदी असतात, कॉम्प्युटरच्या लेखी हे चार लेखक. लेखकवार मोजायच्या आधी एक दिवस नावं एकसारखी करायला द्याच. तात्यासाहेबांच्या (कुसुमाग्रजांच्या) गावात त्यांचीच पुस्तकं चार तुकड्यांत मोजली गेली तर आपल्यालाच वाईट वाटेल.

सार्वजनिक वाचनालयात काम करत असाल तर वार्षिक अहवाल बघा. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता असलेल्या वाचनालयांना सभासद, ग्रंथसंख्या असे आकडे दरवर्षी द्यावेच लागतात, म्हणजे मागच्या कित्येक वर्षांची रांग तुमच्या कपाटात तयार आहे. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय तर 1840 चं आहे. अशा जुन्या संस्थांच्या रजिस्टरांमध्ये या शहराने काय वाचलं याचा इतिहास पडून आहे, कोणीतरी मनावर घ्यायला हवं.

5. सर्वे करायचाच असेल तर

'आपण ग्रंथालयाच्या सेवेबाबत समाधानी आहात का?' हा प्रश्न काढून टाका. फॉर्म देणारी मी, समोर उभी मी, आणि दंड माफ करणारीही मीच, तर मुलगा 'अत्यंत समाधानी' वरच टिक करणार. त्याऐवजी घडलेल्या गोष्टीबद्दल विचारा: मागच्या वेळी आलात तेव्हा कोणतं पुस्तक शोधत होतात, मिळालं का, नाही मिळालं तर काय केलंत. या तिसऱ्या प्रश्नाला मिळणारी उत्तरं फार बोलकी असतात. 'मित्राकडून पीडीएफ घेतली', 'शालीमारला जाऊन सेकंडहँड आणलं', 'सोडून दिलं'.

किती लोकांना विचारायचं? 1970 चा क्रेजी आणि मॉर्गन यांचा तक्ता सगळेच वापरतात, 1000 सभासद असतील तर 278, 10,000 असतील तर 370. पण तो तक्ता चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या लोकांसाठी आहे. काउंटरवर जे आले त्यांनाच 278 फॉर्म भरून घेतले तर ती संख्या पुरी होते, अभ्यास पुरा होत नाही, कारण जे येतच नाहीत त्यांना कोणी विचारलंच नाही, आणि आपल्याला खरी गरज त्यांच्याच उत्तराची असते. सभासद यादीतून नावं काढा आणि फोन करा. कंटाळवाणं काम आहे, पण दहा फोन झाले की कळायला लागतं.

गूगल फॉर्म फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ज्येष्ठ वाचक तिथे नसतात, त्यांच्यासाठी छापील फॉर्म ठेवा, अक्षर मोठं ठेवा.

6. निकाल समितीसमोर न्या

बहुतेक अभ्यास इथे मरतात, कारण बाइंडिंग करून प्रत विद्यापीठात गेली की काम संपलं असं वाटतं. समितीला 80 पानी प्रबंध देऊ नका. एक पान द्या: काय मोजलं, काय आढळलं, काय बदलायचंय, किती खर्च येईल. माझ्या पानावर तीनच मागण्या होत्या, लेबलं नव्याने छापून त्यावर पारदर्शक टेप, दर शनिवारी एक रॅक क्रमाने तपासणं, आणि न मिळालेल्या पुस्तकाची चिठ्ठी भरली की दुसऱ्या दिवशी वाचकाला फोन. पहिल्या मीटिंगला विषय पुढे ढकलला गेला. दुसऱ्या मीटिंगला मी ती काउंटरची वही सोबत नेली आणि फक्त एक पान वाचून दाखवलं, कोणत्या तारखेला कोणतं पुस्तक न घेता मूल परत गेलं. टेपचा खर्च तिथल्या तिथे मंजूर झाला. आकडे लागतातच, पण त्या आकड्यामागची एक ओळ सोबत ठेवा.

विद्यार्थी असाल तर ज्या लायब्ररीतून डेटा घेतला तिथे जाऊन निकाल सांगा, तोंडी अर्धा तास दिलात तरी चालेल. आमच्याकडून डेटा नेलेल्यांपैकी परत येऊन सांगणारे इतके कमी आहेत की पुढच्याला डेटा देताना ग्रंथपालाचा हात आखडतो, आणि ते बरोबर नाही, पण तसं होतं.

7. लिहा, पण छापायची घाई नको

'तीन दिवसांत प्रकाशन, सर्टिफिकेटसह, फी अमुक' असे मेसेज तुम्हाला येतीलच. मी एकदा असे पैसे भरलेत. पेपर चौथ्या दिवशी साइटवर आला, कोणी वाचला नाही, कोणी एक शब्द सुधारला नाही, वर्षभराने ती साइटच बंद झाली आणि तो पेपर मी दुसरीकडेही देऊ शकले नाही. आयएसएसएन म्हणजे फक्त आठ आकडी ओळख क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नाही, हे लक्षात ठेवा. यूजीसीची केअर यादी (मान्य जर्नलांची यादी) 2025 मध्ये बंद झाली, त्यामुळे आता जर्नल पारखणं आपल्याच हातात आलंय. डीओएजेमध्ये (मोफत वाचता येणाऱ्या जर्नलांची ऑनलाइन सूची) नाव आहे का बघा, संपादक मंडळातली माणसं खरंच त्या संस्थेत आहेत का त्यांच्या संस्थेच्या साइटवर जाऊन बघा, आणि मागच्या दोन अंकातले चार पेपर वाचा. एवढं केलं तरी बरंचसं कळतं.

आणि मराठीत लिहा. इंग्रजी पेपर द्यायचा तर द्या, पण त्याच अभ्यासाची मराठीतली चार पानं दिंडोरी-निफाडच्या वाचनालयातल्या ग्रंथपालाच्या जास्त उपयोगाची आहेत.

8. परत मोजा

बदल केल्यावर सहा महिन्यांनी तीच मोजणी, तशीच, चिठ्ठी टाकून नव्या 400 पुस्तकांवर. तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. पहिली मोजणी ज्या दिवसांत केली तसेच दिवस निवडा, एप्रिल-मेमध्ये परीक्षा संपून सगळी पुस्तकं परत आलेली असतात, तेव्हा आकडा आपोआप छान येतो आणि त्यात आपलं काही कर्तृत्व नसतं. ऑगस्ट आणि फेब्रुवारी मला बरे वाटतात, दोन्ही वेळा कॉलेज भरलेलं असतं आणि रॅकवर हात फिरत असतो. वही मात्र मधल्या काळातही काउंटरवरच राहू द्या, पेन दोऱ्याने बांधून.